रविवारची दुरुस्ती आणि गल्लीतली घंटा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना जोडले आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे, "तुमचं ते रविवारचं काय चालतं ते सांग." आपल्या तुकडीचे लोक पुण्या-मुंबईहून, काही परदेशातून आले आहेत, त्यांना हे "रविवारचं" माहीत नाही. सांगलीतल्यांना माहीत आहे, पण त्यातल्या निम्म्यांना वाटते की आम्ही तिथे बसून चहा पितो. चहा पितो हे खरे आहे. बाकीचे काय करतो ते आता सांगते.

वखारभागात आपल्या वर्गातल्या एका मित्राचे वडिलोपार्जित हळदीचे गोदाम आहे. व्यापार आता बंद झाला, पण माडीवरची खोली कोरडी, हवेशीर आणि पाण्यापासून उंच आहे. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आम्ही तिथे जमतो. कधी सात जण असतात, कधी वीस. त्यात आपल्या तुकडीचे पाच आहोत, एक निवृत्त आयटीआय निदेशक, एक मोटार रिवाइंडिंगवाले, एक दंतवैद्य, वालचंद कॉलेजची दोन-तीन मुले आणि आठवी ते अकरावीची पोरेपोरी. मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. एक वही आहे. आलेली प्रत्येक वस्तू, तिचे दुखणे आणि तिच्यावर काय केले, हे तीत लिहायचे, एवढा एकच नियम सुरुवातीपासून आहे.

मी यात कशी आले? तुम्हाला आठवत असेल, आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलगे लाकूडकाम आणि विजेच्या कामाला जायचे आणि आम्ही मुली शिवणकामाला. शिवण मला आली, तिचा आयुष्यभर उपयोगही झाला. पण जोडकामाच्या खोलीतून येणारा राळेचा वास मला शिवणाच्या वर्गातून यायचा, आणि तो विसरता आला नाही. पुढे टेलिफोन खात्यात लागले आणि एक्स्चेंजमध्ये रिले साफ करण्यापासून केबलचे जोड तपासण्यापर्यंत सगळे हातांनी शिकले. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन हजारो सहकाऱ्यांबरोबर बाहेर पडले. दोन महिन्यांत लॉकडाउन लागला. घरात हात रिकामे होते आणि शेजाऱ्यांचे पंखे, मिक्सर बंद पडत होते. दुकाने बंद. तिथून हे सुरू झाले.

पहिली दोन वर्षे आम्ही मुख्यतः दुरुस्तीच केली. वही चाळली तर कळते की माणसे जे "गेले" म्हणून टाकतात, त्यातले बरेचसे फार थोडक्यात अडलेले असते. उदाहरण म्हणून छताचा पंखा घ्या. पंखा हळू फिरायला लागला की लोक नवा आणतात. बहुतेक वेळा त्याचा कपॅसिटर उतरलेला असतो. घरच्या साध्या पंख्याला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा लागतो. आमच्याकडे मोजल्यावर दीड भरतो, कधी एकसुद्धा भरत नाही. नवा अगदी स्वस्तात येतो आणि पंखा पुन्हा पहिल्यासारखा पळतो.

एलईडी बल्बचेही तसेच. आतल्या चकतीवरचे दिवे माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एक दिवा जळला की माळ तुटते आणि सगळा बल्ब विझतो. नीट पाहिले तर जळलेल्या दिव्यावर काळा ठिपका दिसतो. पोरांना तो ठिपका शोधायला फार आवडते. पण इथे आमचा दुसरा नियम येतो. अशा बल्बचा आतला भाग बऱ्याचदा थेट घरच्या २३० व्होल्टशी जोडलेला असतो. म्हणून जे भिंतीतल्या विजेवर चालते ते पोरांनी फक्त बघायचे. हात लावायचा तो मोठ्यांनी, तेही पिन काढून आणि कपॅसिटर रिकामा करून. पोरांचे सगळे काम बारा व्होल्टच्या खाली. फुगलेली मोबाइलची बॅटरी कोणी आणली तर ती उघडायची नाही, टोचायची नाही. ती वाळूच्या डब्यात जाते आणि तिथून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे. यावर कोणाशीही वाद घालत नाही, आयटीआयच्या सरांशीसुद्धा नाही.

दुरुस्तीतून हळूहळू नवे काही करण्याकडे वळलो. समोर पहिल्या रांगेत आपल्या इंग्रजीच्या बाई बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच सांगते. बाईंना आता कमी ऐकू येते. दारावरची बेल ऐकू येत नाही, त्यामुळे दूधवाला, पोस्टमन, आणि भेटायला आलेले आपणही दारावरून परत जायचो. बाजारात बिनतारी बेल मिळते. तिच्या आतल्या भोंग्याच्या तारांवर दहावीच्या एका मुलाने छोटे सर्किट जोडले आणि भोंग्याच्या जागी टेबलावरचा दिवा तीनदा लुकलुकेल असे केले. बाईंनी काय विचारावे? "दिवा लागला तेव्हा मी वाचत असेन तर कळेल, पण डोळा लागला असेल तर?" मग उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती केली. त्यासाठी जुन्या मोबाइलमधली छोटी मोटर वापरली. बाईंनी त्या मुलाला व्याकरणाचे पुस्तक बक्षीस दिले. तो अजून त्यातून सावरतो आहे.

आपल्या वेळचा क्रिस्टल रेडिओ कोणाकोणाला आठवतो? आकाशवाणी सांगली, मध्यम लहर, १२५१ किलोहर्ट्झ. विज्ञानाच्या सरांनी पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली होती, एक जर्मेनियम डायोड, गँग कंडेन्सर, कानाला लावायचा इअरफोन, गच्चीवर लांब एरियल आणि नळाला अर्थिंग. सेल नाहीच. मुले विचारायची, "सर, सेल कुठाय?" सर म्हणायचे, "ऐकायला लागणारी शक्ती लहरीच घेऊन येतात." ट्रान्समीटर गावातच असल्यामुळे ती पुरायचीही. त्या वाक्याने मला आयुष्याला पुरेल एवढे कुतूहल दिले. आज आम्ही मुलांना सुरुवातीला ५५५ नावाची चिप देतो. ती १९७२ मध्ये बाजारात आली, म्हणजे आपण पहिलीतही नव्हतो तेव्हा, आणि अजून काही रुपयांना मिळते. आठ पाय, दोन रोध, एक कपॅसिटर, की दिवा लुकलुकायला लागतो. कपॅसिटर बदला, वेग बदलतो. इथे मुलाला पहिल्यांदा कळते की हे यंत्र आपले ऐकते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे घंटा.

बाहेरगावच्यांनी पूर टीव्हीवर पाहिला. २००५ चा पाहिला, २०१९ चा पाहिला, २०२१ चा पाहिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. सांगलीतल्या माणसाला आज "आयर्विनला किती?" याचे उत्तर तासातासाला फोनवर मिळते. पण त्या उत्तराने गल्लीतल्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. त्याचा प्रश्न असतो, "आयर्विनला अमुक फूट म्हणजे माझ्या उंबऱ्याला किती?" आणि सखल गल्ल्यांमध्ये पाणी नदीच्या बाजूने समोरून येतच नाही. ते मागच्या ओढ्यातून, गटारातून उलटे वर चढते. दिवसा ते दिसते. रात्री माणूस पाय खाली टाकतो तेव्हा कळते.

आम्ही पहिले काम केले ते इलेक्ट्रॉनिक्सचे नव्हतेच. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घेतली, तीत पाणी भरले, आणि दोन सखल गल्ल्यांत घरोघर गेलो. २०१९ च्या पुराची खूण बहुतेक भिंतींवर होती, कुठे रंगाने केलेली, कुठे गाळाची रेघ. त्या खुणेपासून उंबरा किती खाली आहे ते मोजायचे. समजा उंबरा खुणेपेक्षा पाच फूट खाली आहे. खूण ५७ ची, तर आयर्विनला ५२ च्या आसपास पाणी उंबऱ्याला लागणार. त्यातून एक फूट सावधगिरीचा वजा करायचा आणि दारामागे ५१ हा आकडा लिहायचा. मध्येच एका मुलाने विचारले, "एकाच घराची खूण धरून पाइपने सगळ्या गल्ल्या का मोजायच्या नाहीत?" कारण पुराचे पाणी वाहते असते, हौदासारखे सपाट नसते. वरच्या गल्लीत आणि खालच्या गल्लीत फरक पडतो. म्हणून खूण ज्या त्या भिंतीचीच. या आकड्याला वीज लागत नाही, रेंज लागत नाही. आमच्या मते आजवरचे आमचे सगळ्यात उपयोगी काम हेच आहे.

त्यानंतर घंटा. चार रविवार वाद झाला. कॉलेजच्या मुलांचे म्हणणे, आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर लावू, पाण्याची उंची थेट मोबाइलवर येईल. प्रयोग करून पाहिला. वस्तू चांगली आहे, शिकायला उत्तम. पण आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. वीस अंशांचा फरक पडला तर तीन मीटर अंतरात दहा सेंटिमीटरची चूक होते. तापमान मोजून ती दुरुस्त करता येते. पण सेन्सरसमोर कोळ्याने जाळे विणले तर काय? आणि पूर आला की आधी वीज जाते, मग बॅटऱ्या उतरल्या की मोबाइलचे टॉवर. नेमक्या ज्या रात्री संदेश यायला हवा त्याच रात्री तो येणार नाही.

दुसरा पक्ष म्हणत होता, दोन सळया लावा, पाणी दोन्हींना टेकले की भोंगा. स्वस्त आहे. पण सळयांवर सतत एकाच दिशेचा विद्युतदाब असला आणि ओल लागत राहिली की धन बाजूची सळई झिजत जाते. टेलिफोन खात्यातली माणसे हे चांगले ओळखतात. एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात आणि लाइनवर ऋण ठेवतात ते याचसाठी, जमिनीतले तांबे ओलाव्यात झिजू नये म्हणून.

शेवटी ठरले ते असे. चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा ओढ्याच्या तोंडाशी भिंतीला उभा बांधायचा. खाली जाळी, कचरा आणि बेडूक आत जाऊ नयेत म्हणून. आत तरंगणारा बंद डबा, त्यावर लोहचुंबक. वर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आले की आपली स्थिती बदलणारी काचेची नळी. पाणी चढले, डबा चढला, स्विच फिरला, की पहिल्या मजल्यावरचा भोंगा वाजतो. खाली कुठेही वीज उघडी नाही.

एक्स्चेंजमध्ये शिकलेली आणखी एक गोष्ट यात घातली. एरवी या तारेतून बारीकसा प्रवाह सतत वाहत असतो. पाणी आले की तो तुटतो आणि भोंगा वाजतो. उंदराने तार कुरतडली तरी तुटतो आणि भोंगा वाजतो. म्हणजे बिघाड झाला तर यंत्र गप्प बसत नाही, ओरडते. शिवाय एक हिरवा दिवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो. तो दिसला नाही तर बॅटरी गेली आहे, हे जिन्यातून जाणाऱ्या लहान मुलालाही कळते. बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची. दहा मिलिअँपिअर खाल्ले तर ती ७०० तास पुरेल, म्हणजे २९ दिवस. ५५५ चा कमी वीज खाणारा प्रकार वापरून आणि दिव्याचा लुकलुकाट आखूड करून आम्ही खर्च एक मिलिअँपिअरच्या आसपास आणला. कागदावर ती नऊ महिने चालते. बॅटरी आपोआपही थोडी उतरत असते, म्हणून आम्ही एक पावसाळा धरतो आणि दर मेमध्ये पुन्हा भरतो.

अशा अकरा घंटा आज लावलेल्या आहेत. पहिली लावली तेव्हाची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या घरातल्या आजींनी २००५ मध्ये आणि २०१९ मध्ये दोनदा संसार धुऊन काढलेला. आम्ही बादलीने पाणी ओतून भोंगा वाजवून दाखवला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजी काही बोलल्या नाहीत. सगळे शांत झाल्यावर मला म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षं मी पावसात झोपत नव्हते. आता तुमच्या भरवशावर झोपेन. आणि ही वाजली नाही तर?"

मंडळी, त्या प्रश्नाने आमचा छंद बदलला. तोवर आम्ही हौशी होतो. बिघडले तर हसून पुन्हा उघडायचे, ही आमची रीत. आता एका माणसाच्या झोपेची जबाबदारी आमच्या जोडकामावर आली होती. कितीही चांगले यंत्र असले तरी "वाजणारच" असे वचन कोणालाही देता येत नाही, आणि ते आम्ही दिले नाही. त्याऐवजी तीन गोष्टी केल्या. जून ते ऑक्टोबर, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घंटेवर बादली ओतायची आणि वहीत तारीख, वेळ, सही. प्रत्येक गल्लीत दोन घरे ठरवायची. हिरवा दिवा बघणे हे त्यांचे काम. आणि प्रत्येक घंटेखाली पाटी: "वाजली तर उठा, शेजाऱ्यांना उठवा. प्रशासनाने निघा म्हटले तर हिची वाट पाहू नका." आजींना मी एवढेच सांगितले की, भरवसा घंटेवर ठेवू नका, पहिल्या रविवारी बादली घेऊन येणाऱ्या पोरांवर ठेवा, आणि ती आली नाहीत तर मला फोन करा. त्या खरंच करतात. एकदा पाऊण तास उशीर झाला तर त्यांचा फोन आलाच.

खर्चाचे विचाराल तर एका घंटेला बॅटरी सोडून फारसे काही लागत नाही. चुंबक जुन्या स्पीकरमधले, पाइप बांधकामाचे उरलेले, पेट्या मिठाईच्या दुकानातल्या. बॅटऱ्या लोक वर्गणीतून देतात. गल्लीने निदान निम्मी बॅटरी स्वतः आणावी हा आमचा आग्रह असतो. फुकट मिळालेल्या वस्तूचा हिरवा दिवा कोणी बघत नाही.

आमच्यातल्या दोघांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली आहे. हा परवाना वयाच्या बाराव्या वर्षापासून मिळू शकतो आणि त्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात अशा हौशी लोकांनी निरोप पोहोचवण्याचे मोलाचे काम केले होते. टॉवर पडले तरी गल्लीतून निवारा केंद्रापर्यंत आवाज जावा, ही आमची पुढची इच्छा आहे.

आता मागणे. इतके बोलल्यावर ते येणार हे तुम्ही ओळखलेच असेल.

त्या अकरा घंटांची देखभाल करणाऱ्यांत पन्नाशीच्या पुढचे आम्ही सहा जण आहोत. दहावीची मुले बारावीला जातात, बारावीची पुण्याला जातात. गेली की ती परत येत नाहीत. आपल्यातलेही कितीतरी गेलो नाही का? मोठा पूर कोणत्या वर्षी येईल ते कोणी सांगू शकत नाही. तो येईल तेव्हा बादली घेऊन जाणारा हात असायला हवा. तो हात शाळेतून दरवर्षी नवा तयार झाला तरच हे टिकेल.

आपल्या शाळेची जोडकामाची खोली कुलूपबंद आहे. आत बाके आहेत, शेगडे आहेत, भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या अजून रंगवलेल्या दिसतात. तिथे सामान ठेवण्याची कोठी करावी असा विचार चालू आहे असे ऐकते. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी इथे सर्वांसमोर विनंती आहे की ती खोली शनिवारी दुपारी दोन तास आम्हाला द्यावी. हत्यारे आमची, देखरेख आमची, सुरक्षेचे नियम लिहून भिंतीवर लावू. आठवी-नववीची वीस मुले घेऊ, त्यातल्या निदान दहा मुली असतील. ही एकच अट माझी स्वतःची आहे, आणि ती का आहे ते तुम्हाला कळले असेल.

तुमच्याकडून पैसे नकोत. बाहेरगावी राहणाऱ्यांनी घरात पडलेले जुने मल्टिमीटर, चालू स्थितीतले सोल्डरिंग आयर्न, सुट्या भागांचे डबे पाठवावेत. बंद पडलेले संगणक नकोत, ते आमच्याकडे भरपूर आहेत आणि भंगारवाला आता आम्हालाच हसतो. सांगलीत राहणाऱ्यांनी महिन्याचा एक रविवार द्यावा. येत काही नसले तरी चालेल. बादली उचलता आली म्हणजे झाले.

सरांनी आणि बाईंनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवले, त्याबद्दल त्यांचे आभार. वेळेच्या आत संपवते आहे, याची शाळेच्या इतिहासात नोंद व्हावी. उद्या रविवार आहे. नऊ वाजता वखारभागात माडीवर या. चहा आमच्याकडून, बिघडलेली वस्तू तुमच्याकडून.